अंधार पडला की लागणारा दिवा

कोपरखैरणे,
११ मार्च १९९७

चि. रूपेश यास अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी सकाळी आंघोळ आणि देवपूजा आटोपून मी तुझ्या आईकडे, आत्याकडे, निघालो. कारखान्याला सुट्टी होती. संध्यानं डब्यात वालाचं बिरडं भरून दिलं होतं. गावात शिरल्यावर आधी गावदेवीच्या देवळात गेलो, नारळ फोडला आणि तिथल्या गार फरशीवर बराच वेळ बसून राहिलो. पुजाऱ्याशी पाण्याच्या नळावरून बोलणंही झालं. हे सगळं एवढ्यासाठी लिहितो आहे, की त्या सकाळी घाई करावी असं मला एकदाही वाटलं नाही. देवीसमोर बसूनही वाटलं नाही.

तुझी आई माजघरात जमिनीवर पडलेली सापडली. बुधवारी दुपारी पाण्याचा हंडा उतरवताना तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. त्याच संध्याकाळी आळीत मोकलच्या घरी हळद होती. दुपारपासूनच लागलेला लाउडस्पीकर आणि बँजो यांच्या आवाजात तिची हाक कोणाला ऐकू जाणार? गुरुवारी सगळी आळी बस करून वऱ्हाडात गेली, आणि तोवर तिचा आवाजही बसला होता. मी गेलो तेव्हा तिचे ओठ फुटले होते. पाणी पाजलं तर म्हणाली, "नामा, आलास र? ता बिरडा झाकून ठेव, मांजार हाय."

वाशीला दवाखान्यात ठेवलं आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात हाड जुळायला वेळ लागेल. तू घाबरून जाऊ नकोस. संध्या तिच्याजवळ असते.

रिक्षात घालताना समोरची तुझी भिमाकाकी पायरीवर आली होती. तिच्या गुडघ्यांमुळे ती कुठे जात नाही, लग्नालाही गेली नव्हती. खांबाला धरून उभी होती. मला म्हणाली, "पन तिचा दिवा लागत व्हता! दोनी दिस लागला. मी बगला माज्या डोल्यांनी." तिनं हे तीनचारदा म्हटलं. रिक्षावाला घाई करत होता.

पत्र मिळताच कळव.

तुझा,
नामादादा

*

सिंगापूर,
२४ मार्च १९९७

प्रिय नामादादा, सा. न.

तुझं पत्र मिळालं. साहेबाकडे लगेच रजा मागितली, पण मे महिन्याआधी सोडत नाही. इथे मोठं प्रदर्शन आहे आणि आमच्या कंपनीचा अख्खा हॉल माझ्या गळ्यात मारलाय. आईला सांग, रूपेश येतोय. दवाखान्यात काही कमी पडू देऊ नकोस, मी आहे.

दादा, एका गोष्टीनं मात्र खूप बरं वाटलं. आई पडली होती, घरात कोणी नव्हतं, आळी रिकामी होती, तरी दिवा चुकला नाही! काकी स्वतः सांगते म्हणजे बघ. निदान माझी आई काळोखात तरी नव्हती. दिवाळीत दाराशेजारच्या देवळीत तुझ्या हातून ते अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या दिव्याचं यंत्र बसवून घेतलं तेव्हा तूच म्हणाला होतास ना, की आपल्याकडची वीज म्हणजे लहरी कारभार, हे टिकायचं नाही? मी मुद्दाम बॅटरीवाला घेतला होता. तेलाची पणती लावताना आईचे हात कापायचे, एकदा पदराला धग लागली होती, ते माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

इथे काय काय आलंय, तू बघशील तर वेडा होशील. माणूस खोलीत शिरला की दिवे लागतात, गेला की विझतात. पडदे आपोआप. बाहेरून घरी फोन करायचा, आकडे दाबायचे, की एसी सुरू. नवीन तारा ओढायच्याच नाहीत, घरातल्या विजेच्या तारांमधूनच निरोप जातो. आणि सगळ्या कंपन्यांचा डोळा आता म्हाताऱ्या माणसांवर आहे. पोरं लांब, आईबाप एकटे. पुढची दहा वर्षं धंदा इथेच आहे, असं आमचा साहेब म्हणतो.

मी ठरवतोय की वर्षभरात नोकरी सोडून परत यायचं. सीवूड्सकडे परदेशातल्या लोकांसाठी टोलेजंग इमारती उठतायत. तिथे आपलं दुकान टाकू. वायरिंग तू बघ, माल मी आणतो. तुर्भ्याच्या कारखान्यात आणखी किती वर्षं मोटारी उघडत बसणार? जाहिरातीच्या पत्रकावर पहिला फोटो आपल्या देवळीचा. तू दोन ओळी लिहून पाठव, मराठीत, की आई पडली तरी दिवा लागतच राहिला. लोकांना खरं उदाहरण लागतं.

आईला नमस्कार.

तुझा,
रूपेश

*

कोपरखैरणे,
९ एप्रिल १९९७

चि. रूपेश यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्याला दोनदा वाचून दाखवलं. धंद्याचा भाग वगळला. तिला आता आमच्याकडे आणलं आहे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, तेव्हा खुर्चीत बसवून चौघांनी वर नेली. जिन्यात म्हणाली, "माजी वरात काडली यांनी." सगळे हसले. त्यानंतर ती फारशी बोललेली नाही.

जेवण कमी झालं आहे. पाठीला जखम होऊ नये म्हणून संध्या तिला कुशीवर वळवते. दिवेलागणीला मात्र ती जागी असते. मी तुळशीपाशी दिवा लावला की विचारते, "भिमीनं लावला असल का?" मी हो म्हणतो. इथून तिची देवळी कशी दिसणार?

रूपेश, तू मुंबईच्या कॉलेजात शिकलास आणि लवकर बाहेर पडलास. म्हणून एक गोष्ट लिहितो. ती तुला ठाऊक नसावी. मलाही पूर्ण ठाऊक नव्हती.

तुझी आई आणि भिमाकाकी या सख्ख्या जावा, घरं समोरासमोर, पण बोलत नव्हत्या. मधल्या विहिरीवर कोणी आधी जायचं यावरून सुरू झालं आणि विहीर सिडकोच्या रस्त्याखाली गेली तरी अबोला राहिला. हे सगळं गाव जाणतं. पण गेल्या शुक्रवारी मी काकीकडे बसलो होतो, तेव्हा तिनं सांगितलं, की दिवेलागणीला ती आधी दाराशेजारच्या देवळीत दिवा लावायची आणि मग पायरीवर बसून समोर बघायची. समोर यशोदेचा, तुझ्या आईचा, दिवा लागला की आत जाऊन भात टाकायची. तुझी आईही तसंच करायची. एकदा तापात तुझ्या आईनं दिवा लावला नाही, तर काकीनं शेजारच्या पोरीला पेज देऊन पाठवली. कोणी पाठवली ते सांगू नको, असं बजावून. आणि काकीचे गुडघे धरले होते तेव्हा तुझ्या आईनं तेल पाठवलं, तेही तसंच.

म्हणजे तोंडानं बोलत नव्हत्या, पण रोज एकमेकींना विचारत होत्या. यापेक्षा अधिक मला मांडता येत नाही. तू शांतपणे वाच आणि विचार कर.

दोन ओळी मी अजून लिहिल्या नाहीत. पत्रकात आत्याचं नाव घालण्याआधी मला भेट.

नामादादा

*

सिंगापूर,
२८ एप्रिल १९९७

प्रिय दादा,

पत्र वाचलं. तू शांतपणे वाच म्हणालास म्हणून तसंच वाचलं. खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं. आई आणि काकी! मला वाटायचं, दोघी एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत.

तुझा इशारा मी ओळखला. चूक माझीच, मी फक्त आईचा विचार केला. काकी अजून वाकून तेल घालते, तिचे गुडघे तसे, उद्या तीही पडेल. म्हणून काकीसाठीही एक दिवा घेतलाय. तोच, फक्त नवीन मॉडेल, ज्योत हलल्यासारखी दिसते. आपल्या गावचा पोपट इथे जहाजावर नोकरीला आहे, तो सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती पाठवतो. तू बसवून दे. आता कोणी आजारी असो, कोणी झोपलेलं असो, दोन्ही दिवे एकमेकांसमोर रोज वेळेवर लागतील. दोघींना टेन्शनच नाही.

ही कल्पना साहेबाला सांगितली तर तो म्हणाला, यू शुड बी इन सेल्स!

पंधरा मेचं तिकीट काढलंय. आईला सांग, मी येईपर्यंत खायचं, प्यायचं, रुसायचं नाही.

रूपेश

*

सिंगापूर,
२० जून १९९७

प्रिय दादा,

पोचलो. विमानात शेजारच्या बाईनं विचारलं, सुट्टी मजेत गेली का? मी हो म्हटलं. काय सांगणार.

तिकीट चार दिवस आधीचं मिळालं असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही. बर्फावर ठेवलेल्या आईला बघायला मी एवढ्या लांबून आलो. तू तिच्याजवळ होतास, वहिनींनी पोटच्या पोरीसारखं केलं, त्याची परतफेड माझ्याकडून होणार नाही.

दादा, निघण्याआधी घराला कुलूप लावताना देवळीतला दिवा लागला. तू बाजूलाच होतास. मला वाटलं, आईच म्हणाली, जा आता. म्हणून तुला हात जोडून सांगतो, तो दिवा बंद करू नकोस. बॅटरी संपली तर बदल. माझ्या आईच्या घरात रोज उजेड दिसला पाहिजे. तिच्यासाठी मी आयुष्यात एवढी एकच गोष्ट नीट केली.

आणि एक. तिथे असताना सीवूड्सला दोघातिघांशी बोललो होतो. त्यांना चालू असलेला नमुना बघायचाय. चावी तुझ्याकडे आहे. संध्याकाळी नेऊन दाखवशील ना? आईच्या घरापासून धंदा सुरू होतोय, याहून शुभ काय?

काकीचं मात्र मला कळलं नाही. पोपटानं नेलेला दिवा तिनं खोक्यासकट पायरीवरून ढकलून दिला म्हणे. मी बाराव्याला तिच्या पाया पडलो तर तोंड फिरवलं. एवढ्या वर्षांनंतर, जाऊ गेल्यावरही, राग धरायचा?

तुझा,
रूपेश

*

कोपरखैरणे,
१९ जुलै १९९७

चि. रूपेश यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. लिहायला बसत होतो आणि उठत होतो. आज मात्र पूर्ण लिहितो. हे पत्र कामावर वाचू नकोस. घरी गेल्यावर, हातपाय धुऊन, देवासमोर बसून वाच.

काकीचा राग तुझ्या आईवर नाही. तुझ्यावरही नाही.

तू गेल्यापासून ती पायरीवर बसत नाही. खाट तिनं आतल्या भिंतीकडे फिरवून घेतली आहे. स्वतःचा दिवा लावणंही सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, "कुनाला दावू? समोरची मेली. न तिचा दिवा त लागतंय. रोज लागतंय. मेल्यावं पन खोटा बोलतंय ता." मग माझा हात धरून म्हणाली, "नामा, ता इजव र. मी चार पावलांवं व्हते. मना वाटला, लावलाय तिनं, म्हंजे बरी हाय. मी भात टाकला. मी जेवले."

रूपेश, मार्चमध्ये आळीत कोणीच नव्हतं असं तू समजलास. काकी होती. बुधवारी अंधार पडला तेव्हा ती पायरीवर बसून समोर बघत होती. देवळी काळी राहिली असती तर ती गुडघे घासत गेली असती, नाहीतर हळदीतल्या कोणालातरी ओरडून बोलावलं असतं. अबोला तिनं त्या वेळी पाळला नसता. देवळी काळी राहिली नाही. गुरुवारीही राहिली नाही. हेच मी एप्रिलच्या पत्रात सांगू बघत होतो. माझंच मांडणं आडवळणाचं होतं, तुला दोष नाही.

आता आत्यानं मला जे सांगितलं ते लिहितो. तुला सांगणार नाही असा शब्द तिनं माझ्याकडून घेतला होता. तो मोडतो आहे. त्यासाठी काल गावदेवीसमोर जाऊन बसलो. देवी काही बोलत नाही, पण उठताना मन पुष्कळ हलकं होतं. शिक्षा असेल तर ती माझी मी घेईन.

आत्या पडली होती तिथून लोटलेल्या दाराच्या फटीतून काकीची देवळी दिसत होती. तिला वळता येत नव्हतं. संध्याकाळी काकीचा दिवा लागलेला तिनं पाहिला. तिला बरं वाटलं. ती म्हणाली, "मना वाटला, आता ही माजे देवलीकरं बगल. कालोख बगल न येल. मी देवाचा नाव घेतला न थांबले. मंग माजे दारातला दिवा आपआप लागला." मग म्हणाली, "रूपेशला सांगू नको. त्याचा जीव हाय त्या दिव्यात."

दुसऱ्या संध्याकाळीही तिनं असंच बघितलं.

हे मी गिळून टाकलं असतं. तुझा धंदा झाला असता, दरवर्षी आईच्या तिथीला तू पैसे पाठवले असतेस, मी वाढून ठेवलं असतं, आणि एक दिवस आपण दोघंही म्हातारे झालो असतो. तू आईसाठी केलंस ते मायेनं केलंस. पदराला धग लागली होती हे खोटं नाही. ते यंत्र भिंतीत बसवलं माझ्या हातांनी, आणि बसवल्यावर पहिल्यांदा लागलं तेव्हा आपण तिघांनी हात जोडले होते. कोणाचंही मन वाईट नव्हतं.

पण परवा तुझं पहिलं गिऱ्हाईक आलं. सीवूड्सचे गृहस्थ, चांगले सभ्य. मी कुलूप काढलं, दिवस मावळायची वाट बघत दोघं ओट्यावर उभे राहिलो. दिवा लागला तसे ते खूश झाले. म्हणाले, "वडील एकटेच असतात हो. शेजारचे रोज येऊन बेल वाजवतात, आजोबा आहात ना म्हणून. त्यांनाही त्रास, यांनाही त्रास. हे बसवलं की बाहेरून कळेल, सगळं ठीक आहे. कोणी विचारायलाच नको."

रूपेश, त्या माणसानं हे हसतमुखानं म्हटलं. मी समोर काकीच्या बंद दाराकडे बघत होतो.

मी त्यांना सांगितलं, दिवा बसवू नका. ते म्हणाले, का, शॉक बसतो का? मी नाही म्हटलं. शॉक बसत नाही, यंत्र उत्तम आहे, बिघडत नाही, हेच त्याचं वाईट आहे. मी म्हटलं, वडिलांच्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा, बेल वाजवू द्या. त्यांना मी विक्षिप्त वाटलो असणार. तुला कदाचित फोन करतील. धंदा मोडला म्हणून तू माझ्यावर रागावलास तर तो राग मी पत्करला आहे. दुकान टाकायचंच असेल तर फोनवरून घंटा वाजवून माणसाला बोलावणारं काहीतरी आण, त्याचं वायरिंग मी करीन. पण माणसाच्या जागी उभं राहून सगळं ठीक आहे असं सांगणारं यंत्र माझ्या हातून पुन्हा भिंतीत जाणार नाही.

संध्या म्हणाली, "भावजींचा जीव तुटेल." मी म्हटलं, तुटेल. मग तिनंच माझी हत्यारांची पिशवी आणून दाराशी ठेवली.

काल शुक्रवार होता. दुपारी मी गावात गेलो. आधी काकीला सांगितलं. ती म्हणाली, "मना बगू दे." तिला खांद्याला धरून पायरीवर आणून बसवलं. अंधार व्हायला लागला तसा तुझ्या आईचा दिवा लागला. मला एकदा वाटलं, राहू दे, अजून एक दिवस राहू दे. पण काकी बघत होती.

मी फ्यूज काढला. बॅटरीची तार सोडवली. देवळी काळी झाली.

काकी त्या काळोखाकडे बघत बसली. आणि मग ओरडली, "यशोदे! अगो यशोदे!" आळीतल्या बायका धावत बाहेर आल्या. एवढ्या वर्षांत त्या दोघींपैकी कोणी दुसरीचं नाव घेतलेलं कोणी ऐकलं नव्हतं. तुझ्या आईच्या अंत्ययात्रेलाही ती रडली नव्हती. ती काल रडली. बायकांनी तिला आत नेलं आणि पेज पाजली.

यंत्र पुसून, तुझ्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तिच्या पेटीत ठेवलं आहे. भिंतीतली भोकं सिमेंटनं बुजवली. तू येशील तेव्हा तुझ्या हातानं तेलाचा दिवा लाव. तोपर्यंत तुझ्या आईची देवळी मी काळोखी ठेवली आहे.

नामादादा